ऋतूच्या आतला ऋतू

जुन्या आदिलाबाद जिल्ह्यातील बेल्लमपल्लीचे नाव निघाले की कोळशाच्या खाणींचीच आठवण होते, आणि ते स्वाभाविकही आहे. कारण निजामाच्या अमलात, 1929 च्या सुमारास काझीपेठ–बल्लारशा लोहमार्ग पुरा होऊन दिल्ली व मद्रास ही शहरे जोडली गेल्यापासून, या मुलुखाचे भाग्य भूगर्भातील संपत्तीशी बांधले गेले. परंतु याच गावापासून आग्नेयेस, चेन्नूरच्या वाटेने गोदावरीकडे उतरत गेले असता, ऐन आणि अर्जुन या वृक्षांच्या आश्रयाने चालणारा एक पुरातन व्यवसाय भेटतो, तो टसर रेशमाचा. आणि 1956 च्या प्रांतरचनेत किनवट व राजुरा हे तालुके आदिलाबादेतून निघून मराठी मुलुखास मिळाले असले, तरी गडचिरोली-भंडाऱ्याकडील ढिवरांचा आणि गोदाकाठच्या पाळणाऱ्यांचा हा उद्योग सरहद्दीच्या दोन्ही बाजूंस एकाच अरण्यावर पोसला गेला आहे.

टसरची अळी तुतीच्या अळीप्रमाणे घरात वाढत नाही. ती झाडावर, उघड्या आकाशाखाली, पाखरे व मुंग्या यांच्याशी झुंजत वाढते. तथापि तिच्या जीवनक्रमातील दोन अवस्था अशा आहेत की त्या काळी माणसाने तिला छप्पर दिल्यावाचून पुढील पीक हाती लागत नाही. हिवाळ्यात उतरवलेले बियाण्याचे कोसे मृगाच्या पावसापर्यंत सुप्तावस्थेत सांभाळावे लागतात, ही पहिली. आणि पतंग बाहेर पडून त्यांनी घातलेली अंडी फुटेपर्यंतचे आठ-दहा दिवस, ही दुसरी. पहिल्या अवस्थेचा वैरी उन्हाळा, तर पावसाळा ओसरून रात्री गार पडू लागल्यावर घ्यावयाच्या तिसऱ्या पिकात दुसऱ्या अवस्थेची वैरीण थंडी. अशा वेळी गार पडवीच्या किंवा कोठाराच्या पोटात एक उबदार, दमट खोली स्वतंत्रपणे राखणे, हाच या व्यवसायातील वास्तुविद्येचा मूळ प्रश्न होय.

ही खोली कशासाठी हवी, हे पतंगाचा जन्म जवळून पाहिल्याखेरीज नीट कळत नाही. कोशाच्या वरच्या टोकास एक चिवट देठ असतो. अळीने तो झाडाच्या काटकीभोवती आवळलेला असतो, आणि त्याच देठांना दोरा बांधून कोशांच्या माळा आढ्याला टांगतात. दिवस मावळण्याच्या सुमारास आतील जीव आपल्या मुखातून द्रव सोडून कोशाचे टोक ओलावतो, तंतू विलग करतो आणि बाहेर येऊन माळेलाच लटकून राहतो. त्या वेळी त्याचे पंख ओल्या चिंधीसारखे चुरगळलेले असतात. ते हळूहळू उलगडतात, आणि याच घटकेस हवा रुक्ष असेल तर पंख अर्धवट उलगडूनच वाळतात व तो पतंग मीलनास निरुपयोगी ठरतो. म्हणून सुमारे 26 ते 28 अंश उष्णता व 75 ते 80 टक्के आर्द्रता ही या खोलीची मर्यादा मानली जाते.

या ज्ञानाचा इतिहास केवळ आपल्याकडचा नाही. युरोपात, विशेषतः इटली व फ्रान्समध्ये, स्त्रिया तुतीच्या किड्यांची अंडी कापडी पिशवीत घालून छातीशी बाळगीत व अंगाच्या उबेवर ती फोडीत. व्हिंचेन्झो दांदोलो या रसायनज्ञाने 1815 साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात त्या जागी शेगडीने तापवलेली, उष्णतामापक व आर्द्रतामापक टांगलेली स्वतंत्र खोली सुचवली. पुढे लुई पास्तर यांनी 1865 पासून किड्यांच्या रोगाचा शोध घेतला आणि अंडी घातलेल्या मादीचे शरीर सूक्ष्मदर्शकाखाली तपासून रोगट बियाणे नष्ट करण्याची पद्धती घालून दिली. तीच आज टसरच्या बीजगृहांतही चालते. पुण्यात 1870 च्या दशकात मेजर कुसमेकर यांनी टसर पाळण्याचे प्रयोग आरंभले. स्वातंत्र्यानंतर 1964 साली रांचीस टसर संशोधनाचे केंद्र स्थापन झाले आणि चेन्नूर येथेही मूळ बियाण्याच्या संवर्धनाचे काम सुरू झाले.

खोली उबदार ठेवणे एकवेळ सोपे. ती उबदार आणि दमट ठेवणे कठीण. 27 अंशांच्या, 80 टक्के आर्द्रतेच्या हवेस सुमारे 23 अंशांहून थंड झालेल्या भिंतीचा स्पर्श होताच तिच्यातील बाष्प पाणी होऊन ओघळू लागते. ते पाणी शाकाराच्या गवतात मुरले की गवतातील स्थिर हवा, जी उबेची खरी राखणदार, तिची जागा पाणी घेते, आणि मग कितीही विस्तव पेटवला तरी ऊब टिकत नाही. उलट बुरशी धरते. म्हणून भिंतीचे आतील अंग उबदार राहील अशी योजना आधी करावी लागते. जाड मातीची भिंत, तीवर शेणामातीचा गिलावा, आढ्याखाली बांबूच्या तट्ट्यांचे दुसरे छत व त्यावर कोरड्या पेंढ्याचा थर, चोहोबाजूंस पडवी, आणि वर झाकता-उघडता येणारे झरोके, ही सारी योजना या एकाच तत्त्वातून निघालेली आहे. मातीचा गुण असा की ती वाजवीपेक्षा जास्त ओल पोटात घेते व हवा कोरडी पडताच परत देते. उन्हाळ्यात हेच घर ओले गोणपाट व वाळूचे भिजवलेले वाफे यांच्या साह्याने कोशांना ज्वाळेसारख्या वाऱ्यापासून वाचवते.

बेल्लमपल्लीच्या परिसरात पायाखाली कोळशाचे थर आहेत. तथापि कोंदट धूर या जिवांना सोसत नाही, त्यामुळे येथे अग्नीच्या विपुलतेपेक्षा मिळालेली ऊब जतन करण्याच्या कौशल्यालाच मोल आहे. खाणींची दफ्तरे सरकारी रुमालांत बांधली गेली, मक्त्यांचे व महसुलाचे आकडे नोंदले गेले. परंतु भिंत किती जाड घ्यावी, पेंढा केव्हा बदलावा, झरोका कोणत्या प्रहरी उघडावा, हे ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या अनुभवाने जाणले, त्यांच्या ज्ञानाची नोंद फारच थोड्यांनी घेतली. आंधळगाव व नागभीडच्या कोष्ट्यांनी विणलेल्या करवतकाठी वस्त्राची आपण मुक्तकंठाने स्तुती करतो. त्या वस्त्राचा पहिला धागा एका दमट खोलीत सांभाळलेल्या बियाण्यापासून निघतो, हे ध्यानी घेऊन या पाळणाऱ्यांची विद्या त्यांच्याच तोंडून ऐकून लिहून ठेवणे, हे आपल्या इतिहासलेखनाचे उघड कर्तव्य आहे.