घरातच शाळा, मग आईला सुट्टी कधी? होमस्कूलिंग करणाऱ्या पालकांनी स्वतःला कसं सांभाळायचं?

सकाळचे साडेदहा. कुकरची तिसरी शिट्टी झाली आहे, डायनिंग टेबलवर अपूर्णांकांची वही उघडी आहे आणि फोनवर मावशी विचारतेय, "यंदा तरी नाव घातलं का शाळेत?" होमस्कूलिंग करणाऱ्या घरात यात नवीन काही नाही.

मुलांना घरी शिकवायचं म्हटलं की आपले सगळे प्रश्न मुलांबद्दल असतात. दहावीचं काय? मित्र कसे होणार? शिकवणाऱ्या माणसाचं काय, हे क्वचितच कोणी विचारतं. आणि बहुतेक घरांत तो माणूस म्हणजे आई.

मुंबईची मालविका जोशी आठवते? शाळा सोडून घरी शिकलेली, आंतरराष्ट्रीय इन्फॉर्मेटिक्स ऑलिम्पियाडमध्ये दोन रौप्य आणि एक कांस्य पदक मिळवलेली. बारावीचं प्रमाणपत्र नव्हतं म्हणून आयआयटीचं दार बंद होतं, पण 2016 मध्ये तिला अमेरिकेतल्या एमआयटीत प्रवेश मिळाला. बातमी खूप फिरली. तिची आई सुप्रिया जोशी यांनी एका स्वयंसेवी संस्थेतली नोकरी सोडली आणि मुलीसाठी अभ्यासक्रम स्वतः तयार केला, हे मात्र त्या बातम्यांत एखाद-दुसऱ्या ओळीतच आलं. पदकांच्या मागची ती वर्षं आईसाठी कशी गेली असतील, हा प्रश्न आम्हा पत्रकारांनाही फारसा पडला नाही.

थकवा नेमका कशाचा?

जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये 'बर्नआउट'ची व्याख्या केली ती फक्त नोकरी-व्यवसायापुरती. पण बेल्जियमच्या इझाबेल रोस्काम आणि मोइरा मिकोलायचाक या मानसशास्त्रज्ञ पालकांच्या बर्नआउटवर बरीच वर्षं काम करत आहेत. त्यांनी सांगितलेली लक्षणं अशी: पालक म्हणून पूर्ण थकून जाणं, आपण आधी असे नव्हतो असं वाटणं, मुलांचं काही करण्यात आनंद न उरणं आणि मुलांपासून मनाने दूर जाणं. मुलांचं जेवण-अभ्यास सगळं वेळेवर होतं, पण यंत्रासारखं. त्यांच्या पुढाकाराने 42 देशांत झालेल्या अभ्यासाचा निष्कर्ष 2021 मध्ये आला. व्यक्तिकेंद्री संस्कृतीच्या देशांत हे प्रमाण जास्त दिसलं. आपल्याकडे वाडे जाऊन टू बीएचके आले, आजी-आजोबा गावी राहिले, तेव्हा हा मुद्दा आपल्यापासूनही फार लांब नाही.

त्यात घरकाम. केंद्र सरकारच्या 2024 च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायका त्यावर दिवसाला सरासरी 289 मिनिटं घालवतात, पुरुष 88 मिनिटं. म्हणजे आईचे जवळपास पाच तास आधीच गेले. होमस्कूलिंग त्यावर येऊन बसतं. शाळेतल्या शिक्षिकेला निदान घंटा वाजल्यावर घरी जाता येतं!

त्यामुळे 'रोज दहा मिनिटं ध्यान करा' हा सल्ला मला अपुरा वाटतो. ध्यान जरूर करा, पण आधी कामांची यादी कागदावर लिहा आणि कोणतं काम कायमचं दुसऱ्याकडे जाणार ते ठरवा. 'मदत करतो' म्हणणं वेगळं आणि गणित पूर्णपणे बाबाने घेणं वेगळं.

सहा तास शिकवायची गरज आहे का?

नाही. शिक्षण हक्क कायद्यात शाळांसाठी दिलेले आकडे बघा. पहिली ते पाचवीला वर्षाला 200 दिवस आणि 800 तास. भागाकार केला तर दिवसाला चार तास. तेही एका शिक्षकामागे 30 मुलं धरून. हजेरी, रांगा, 'शांत बसा' हे सगळं त्यात आलं. घरी एका मुलाला तोच भाग शिकवायला बराच कमी वेळ पुरतो. टेबल, तास, वेळापत्रक, युनिट टेस्ट अशी अख्खी शाळा घरात उभी करायला जाल तर मूल नाही, तुम्हीच आधी दमाल.

नागपुरात तर ऋतूच वेळापत्रक ठरवतो. एप्रिल-मे मध्ये पारा 45 च्या आसपास असताना अभ्यास सकाळी सात ते दहा उरकावा. दुपारी दोन तास कूलरसमोर सगळ्यांनी शांत, आईनेसुद्धा. (दुपारी आडवं होणं म्हणजे आळस, हे कोणी ठरवलं देव जाणे.) आठवड्यातून एकदा बाबा किंवा आजोबांनी मुलांना रमण विज्ञान केंद्र, महाराजबाग नाहीतर अजब बंगल्यात न्यावं. अट एकच, आईने सोबत जायचं नाही. डबाही तिने करून द्यायचा नाही.

भीतीचं काय?

बराचसा ताण 'आपण बेकायदेशीर तर वागत नाही ना' याचा असतो. शिक्षण हक्क कायद्याचं कलम 10 सांगतं की 6 ते 14 वयाच्या मुलाला शाळेत घालणं पालकांचं कर्तव्य आहे. पण त्यासाठी पालकांना शिक्षेची तरतूद या कायद्यात नाही. होमस्कूलिंगला स्पष्ट मान्यताही त्यात नाही. पुढे परीक्षेसाठी एनआयओएस आहे, तिथे वयाच्या 14 व्या वर्षी दहावीला बसता येतं. राज्याचं मुक्त विद्यालय मंडळ आहे, 17 नंबरचा फॉर्मही आहे.

मदत कधी घ्यायची?

दोन-तीन आठवडे झोप लागत नसेल, सारखं रडू येत असेल, मुलावर हात उगारला जात असेल तर थांबू नका. टेलिमानसचा 14416 हा नंबर मोफत आहे, चोवीस तास सुरू असतो आणि मराठीतही बोलता येतं. नागपुरात मेडिकल, मेयो आणि एम्समध्ये मानसोपचार विभाग आहेत.

आणि घरी शिकवणं जमत नाही असं वाटलं तर? त्याच कायद्याच्या कलम 4 नुसार शाळेत न गेलेल्या मुलाला वयानुसार वर्गात प्रवेश मिळतो आणि इतरांच्या बरोबरीने येण्यासाठी विशेष प्रशिक्षणही. मुदत संपली म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, असं कलम 15 सांगतं. त्यामुळे निर्णय बदलायला जूनची वाट बघायची गरज नाही, दिवाळीनंतरही चालतं.