दुपारी 3 पर्यंत

शुक्रवार, 21 ऑक्टोबर 2016. इस्लामाबादमध्ये दुपारचे 3, मुंबईत साडेतीन, खोर फक्कानला 2. या मिनिटापासून पाकिस्तानातल्या कुठल्याही टीव्ही किंवा रेडिओ वाहिनीला भारतीय कार्यक्रम लावायची मनाई आहे. आदेश तिथल्या प्रक्षेपण नियामकाचा, म्हणजे 'पेमरा'चा. मोडेल त्याचा परवाना नोटीस न देता निलंबित होणार. मुंबईच्या बाजूचं दार त्याआधी 22 दिवस लागलेलं आहे.

पुढच्या वेळा मुख्यतः खोर फक्कानच्या घड्याळाने दिल्या आहेत, आणि 'उरले' म्हणजे या आदेशाच्या क्षणापर्यंत उरलेला वेळ. शारजा अमिरातीचं हे बंदर ओमानच्या आखातावर आहे, मागे डोंगर आणि पुढे खोल पाणी. इथलं घड्याळ पाकिस्तानच्या एक तास मागे, भारताच्या दीड तास मागे आणि बांगलादेशच्या दोन तास मागे चालतं. ज्या गाण्याच्या स्पर्धेपासून ही हकिकत वळण घेते, ती याच देशात, संयुक्त अरब अमिरातीत, दुबईला चित्रित झाली. भारत आणि पाकिस्तानच्या गायकांना एका रंगमंचावर आणायचं तर जागा तिसऱ्याची हवी, हे तेव्हा सगळ्यांनी धरूनच चाललं होतं. क्रिकेटने शारजात आधी तेच केलं होतं.

16 नोव्हेंबर 2007, मध्यरात्र. उरले 8 वर्षे 11 महिने.
पाकिस्तानात मुशर्रफ यांनी आणीबाणी लावून 13 दिवस झाले आहेत. जिओ आणि एआरवाय या पाकिस्तानी वाहिन्या दुबईच्या मीडिया सिटीतून प्रक्षेपण करतात. त्या रात्री अमिरातीच्या अधिकाऱ्यांच्या हुकमाने दोन्ही बंद होतात. तिसऱ्याच्या जागेवरही शेजारच्या सरकारचा दाब पोहोचतो, हे त्या रात्री सगळ्यांना दिसलं. पाच वर्षांनी याच जागेवर याच जिओसाठी गाण्याची स्पर्धा आखताना ही रात्र कुणी मोजली असेल, असं वाटत नाही.

जुलै 2010. उरले सव्वासहा वर्षे.
26 नोव्हेंबर 2008 च्या हल्ल्याला दोन वर्षंही झालेली नाहीत. मुंबईत 166 माणसं मेली आहेत. तरीही स्टार प्लसवर 'छोटे उस्ताद'चं दुसरं पर्व सुरू होतं. परीक्षकांच्या खुर्च्यांवर सोनू निगम आणि राहत फतेह अली खान. स्पर्धक लहान मुलं आहेत, भारतातली आणि पाकिस्तानातली.

या कार्यक्रमाचा साचा नीट पाहायला हवा. इथे एक भारतीय मूल आणि एक पाकिस्तानी मूल मिळून एक जोडी होती. जिंकायचं तर दोघांनी मिळून आणि हरायचं तरी दोघांनी मिळून. भारतातल्या मुलाला मत देणारा प्रेक्षक त्याच मताने पाकिस्तानातल्या मुलालाही पुढे ढकलत होता, त्याला दुसरा पर्यायच नव्हता. घरी बसून 'आपला' आणि 'त्यांचा' अशी वाटणी करायला जागा ठेवलेली नव्हती. हल्ल्यानंतर इतक्या लवकर असा कार्यक्रम भारतीय वाहिनीवर पूर्ण चालला. माझ्या मते याचं बरंच श्रेय या साच्याला आहे.

ऑक्टोबर 2010. उरले 6 वर्षे.
कलर्स वाहिनीवरच्या 'बिग बॉस'च्या चौथ्या पर्वात दोन पाकिस्तानी कलाकार आहेत. शिवसेनेचे कार्यकर्ते लोणावळ्याच्या सेटवर निदर्शनं करतात. कार्यक्रम चालू राहतो. वाहिनीपुढे आता दोन धडे आहेत: महाराष्ट्रात चित्रीकरण केलं तर मोर्चा येतो आणि मोर्चा आला तरी कार्यक्रम निभावतो. पुढचा कार्यक्रम दुबईला गेला.

29 ऑगस्ट 2012. उरले 4 वर्षे 1 महिना 22 दिवस.
भारताचं सर्वोच्च न्यायालय मुंबई हल्ल्यातल्या अजमल कसाबची फाशी कायम करतं. मुंबईतलं वातावरण आधीच तापलेलं आहे. 11 ऑगस्टला आझाद मैदानावर दंगल झाली, 21 ऑगस्टला मनसेच्या राज ठाकरे यांनी गिरगाव चौपाटीवरून मोर्चा काढला, दोन दिवसांत पोलीस आयुक्त अरूप पटनायक यांची बदली झाली. मोर्चा काढला की काहीतरी हलतं, हे पुन्हा सिद्ध झालं.

दुबईतल्या त्या गाण्याच्या स्पर्धेची, 'सूरक्षेत्र'ची, पहिली रात्र 10 दिवसांवर आहे. तारीख पुढे ढकलली जात नाही.

सप्टेंबर 2012, पहिला आठवडा.
निर्माते गजेंद्र सिंह, 'सारेगमप'च्या आठवणीमुळे मराठी घरांनाही ओळखीचं नाव. 'सूरक्षेत्र'चा साचा असा: एका बाजूला भारताचा संघ, कप्तान हिमेश रेशमिया. दुसऱ्या बाजूला पाकिस्तानचा संघ, कप्तान आतिफ अस्लम. परीक्षक तीन: आशा भोसले, आबिदा परवीन आणि रूना लैला.

सांगलीत जन्मलेली एक, लारकान्यात जन्मलेली दुसरी आणि सिल्हेटमध्ये जन्मलेली तिसरी. रूना लैलांनी तर कराचीत नाव कमावलं आणि मग त्या ढाक्याला गेल्या. गाणं या तिघींच्या हाती सोपवलं असतं तर देशांच्या रेघा आपोआप पुसट झाल्या असत्या. पण गायकांना संघ दिले, संघांना कप्तान दिले आणि लढत म्हणून ती गोष्ट विकली. दोन वर्षांपूर्वीची जोडी मोडून तिच्या जागी समोरासमोरच्या दोन फळ्या आल्या. या निर्णयाची बातमी झाली नाही. संपूर्ण घटनाक्रमात मला हाच निर्णय सर्वांत जड वाटतो.

राज ठाकरे वाहिन्यांना बजावतात. त्यांचा रोख आशाताईंवरही आहे: पाकिस्तानी कलाकारांसोबत बसायचं कशाला? आशाताई 'अतिथी देवो भव' म्हणतात. राज यांचं प्रत्युत्तर येतं, 'पैसा देवो भव'. दोन दिवस मराठी वर्तमानपत्रांत हीच दोन वाक्यं आमनेसामने उभी राहतात.

घराघरांत वाद झाला तो आशाताईंनी जावं की जाऊ नये, यावर. गेली सहा-सात दशकं जिचा आवाज स्वयंपाकघरात चालू असायचा, तिला देशप्रेमाचा दाखला मागितला जात होता, आणि तो मागणाऱ्यांतही तिचेच चाहते होते. हे मला आजही सहन होत नाही. आणि तिकडे स्पर्धेचा साचाच प्रेक्षकाला बाजू घ्यायला लावतो आहे, याकडे या वादात कुणी वळलं नाही.

प्रक्षेपणाच्या तोंडावर निर्माते मनसेची समजूत काढतात. विरोध मावळतो. कायद्याने ज्याची परवानगी लागत नव्हती, त्याची परवानगी घेतली गेली. ही प्रथा चार वर्षांनी पुन्हा कामी येणार आहे.

8 सप्टेंबर 2012, शनिवार. उरले 4 वर्षे 1 महिना 13 दिवस.
कार्यक्रम सुरू होतो. भारतात कलर्स आणि सहारा वन, पाकिस्तानात जिओ. आज आशाताईंचा वाढदिवस आहे. त्यांना 79 वर्षं पूर्ण झाली.

खोर फक्कानसारख्या गावातल्या करक चहाच्या दुकानात टीव्ही भिंतीवर उंच टांगलेला असतो आणि रिमोट गल्ल्यावरच्या माणसाच्या हाताशी. चहा लहान कागदी पेल्यात येतो, दाट, वेलदोड्याचा, साखर आधीच घातलेली. गिऱ्हाईक म्हणजे पेशावरकडचे ट्रकचालक, मलबारी दुकानदार, चितगावचे मजूर आणि बंदरातल्या कचेऱ्यांमधले भारतीय कारकून. जिओ लावलं तरी रंगमंच तोच आणि कलर्स लावलं तरी तोच. तिन्ही परीक्षकांचे देश त्या एका बाकावर बसलेले असायचे.

अशा दुकानांत आणि त्याहून जास्त फेसबुकवर चाहत्यांचं भांडण गुणांवरून चाले. कुणी कुणाला किती दिले, कुठली परीक्षक कुणाकडे झुकते. गळ्याची तयारी, सुराचा लगाव, शब्दाची फेक यांचं बोलणं मागे पडे. आबिदा परवीन समोर बसल्या असताना पुढच्या मुलाने सूर कुठे धरला, हे ऐकायचं सोडून लोक आकडे मोजत होते.

21 नोव्हेंबर 2012, सकाळी 6. उरले 3 वर्षे 11 महिने.
पुण्यात साडेसात वाजलेले आहेत. येरवडा तुरुंगात कसाबला फाशी दिली जाते. 'सूरक्षेत्र' अजून चालू आहे. शेवटी विजेता ठरतो पाकिस्तानचा नबील शौकत अली. अंतिम टप्प्यापर्यंत त्याच्यासमोर होता पंजाबचा दिलजान. दोघेही तयारीचे गायक. दिलजान पुढे 2021 मध्ये अमृतसरजवळच्या रस्ते अपघातात गेला.

जानेवारी 2013 मध्ये नियंत्रण रेषेवर दोन भारतीय जवानांना मारलं जातं, एकाचं शिर कापलं जातं. आठवडाभरात हॉकी इंडिया लीगमधले 9 पाकिस्तानी खेळाडू परत पाठवले जातात.

7 ऑक्टोबर 2015. उरले 1 वर्ष 14 दिवस.
जगजीत सिंग यांच्या स्मरणार्थ 9 तारखेला मुंबईच्या षण्मुखानंद सभागृहात पाकिस्तानी गायक गुलाम अलींची मैफल ठरली आहे. शिवसेनेच्या इशाऱ्यानंतर ती रद्द होते. इथे संघ नव्हते, गुण नव्हते, लढतही नव्हती. दिवंगत मित्रासाठी एक म्हातारा गवई गाणार होता. राज्यात शिवसेना सत्तेत भागीदार होती. एवढी साधी मैफल वाचवता आली नाही, तेव्हा मोठं काही वाचणार नव्हतंच.

18 सप्टेंबर 2016, पहाटे 4. उरले 802 तास.
काश्मीरमध्ये साडेपाच. उरीच्या लष्करी तळावर हल्ला. 17 जवान मरण पावतात, पुढे आकडा 19 वर जातो.

23 सप्टेंबर. उरले 28 दिवस.
मनसेच्या चित्रपट सेनेचे अमेय खोपकर पाकिस्तानी कलाकारांना भारत सोडण्यासाठी 48 तासांची मुदत देतात. सरकारने व्हिसा दिलेल्या माणसांना एक पक्ष मुदत देतो. दुसऱ्या दिवशी 'झी'चे सुभाष चंद्रा 'जिंदगी' वाहिनीवरच्या पाकिस्तानी मालिका थांबवण्याचा विचार जाहीर करतात. मुदत अजून संपलेलीही नसते.

29 सप्टेंबर, सकाळी साडेदहा. उरले 22 दिवस साडेतीन तास.
दिल्लीत दुपारचे 12. लष्करी कारवायांचे महासंचालक रणबीर सिंग नियंत्रण रेषेपलीकडच्या कारवाईची माहिती देतात. त्याच दिवशी मुंबईत 'इम्पा' ही निर्मात्यांची संघटना ठराव करते: परिस्थिती निवळेपर्यंत पाकिस्तानी कलाकार आणि तंत्रज्ञ घ्यायचे नाहीत. निवळली हे कोण आणि कशावरून ठरवणार, याला ठरावात उत्तर नाही. दुसऱ्या दिवसापासून पाकिस्तानातली चित्रपटगृहं भारतीय चित्रपट थांबवतात.

14 ऑक्टोबर. उरले 7 दिवस.
महाराष्ट्र, गुजरात, गोवा आणि कर्नाटकातल्या एकपडदा चित्रपटगृहांची संघटना ठरवते, पाकिस्तानी कलाकार असलेले चित्रपट लावायचे नाहीत. 28 तारखेला 'ऐ दिल है मुश्किल' लागायचा आहे. त्यात फवाद खान आहे. चित्रीकरण उरीच्या आधीच पूर्ण झालेलं.

18 ऑक्टोबर. उरले 3 दिवस.
'ऐ दिल है मुश्किल'चे दिग्दर्शक करण जोहर यांची चित्रफीत येते. काळा पोशाख, एकटा चेहरा. यापुढे शेजारच्या देशातले कलाकार घेणार नाही, असं ते सांगतात.

19 ऑक्टोबर. उरले 48 तास.
पेमरा आदेश काढते. अंमल 21 तारखेला दुपारी 3 पासून. मुंबईतल्या पक्षाने जेवढी मुदत दिली होती, जवळपास तेवढीच इस्लामाबादचं सरकारी कार्यालय देतं.

20 ऑक्टोबर.
निर्मात्यांचं शिष्टमंडळ दिल्लीत गृहमंत्री राजनाथ सिंह यांना भेटतं. चित्रपटाच्या प्रदर्शनाला संरक्षणाचं आश्वासन मिळतं. पाकिस्तानच्या आदेशाला आता एकच रात्र उरली आहे.

21 ऑक्टोबर, दुपारी 12.
खोर फक्कानमध्ये सुट्टीचा शुक्रवार. जुम्म्याच्या नमाजेची वेळ. मुंबईत दीड, कराचीत 1.

दुपारी 1.
पाकिस्तानातल्या वाहिन्यांना भारतीय मालिका, गाणी आणि जाहिराती उतरवायला 1 तास. पेमराचा हुकूम अमिरातीत चालत नाही, त्यामुळे खोर फक्कानच्या चहाच्या दुकानात रिमोटवरच्या भारतीय वाहिन्या जागच्या जागी आहेत आणि पाकिस्तानीही.

दुपारी 2.
पाकिस्तानात 3 वाजतात. आदेश लागू होतो.

22 ऑक्टोबर, सकाळ.
मुंबईत मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्या 'वर्षा' बंगल्यावर बैठक. राज ठाकरे, करण जोहर, प्रोड्यूसर्स गिल्डचे मुकेश भट. तीन गोष्टी ठरतात. चित्रपटाच्या आरंभी शहिदांना आदरांजली. पाकिस्तानी कलाकार घेतलेल्या निर्मात्याने लष्कराच्या कल्याण निधीला 5 कोटी रुपये द्यायचे. यापुढे पाकिस्तानी कलाकार घ्यायचे नाहीत. पैशाच्या अटीवर अनेक निवृत्त लष्करी अधिकारी जाहीर नाराजी व्यक्त करतात.

चित्रपट 28 तारखेला लागतो. तिसरी अट गाण्याच्या स्पर्धांचीही वाट अडवते. जोडीचा साचा असो की फळ्यांचा, भारतात बसून पाकिस्तानी गायक घेणं आता कुठल्याही वाहिनीला परवडणार नाही. पुलवामाच्या हल्ल्यानंतर, फेब्रुवारी 2019 मध्ये, सिनेकामगारांच्या संघटनेने बंदी नव्याने जाहीर केली. पहलगामच्या हल्ल्यानंतर, 8 मे 2025 रोजी, भारत सरकारने ऑनलाइन मंचांना पाकिस्तानी चित्रपट, मालिका, पॉडकास्ट आणि गाणी काढून टाकायला सांगितलं.