तट्टू, मांजर आणि वात नेणारा उंदीर

इतिहासात घोडा म्हटला की लढाईतलाच घोडा येतो. आमच्या पाटण तालुक्यात, कोयनेच्या खोऱ्यातल्या डोंगरात, घोडा म्हणजे तट्टू. बुटकं, दणकट, पाठीवर सदा ओझं. आणि मांजराला तर इतिहासात जागाच नाही. पण डोंगरातली माणसं पावसाळा काढायची ती या दोन जनावरांच्या जिवावर.

शिवाजी महाराजांचं एक पत्र आहे, राज्याभिषेकाच्या सुमाराचं. पावसाळ्यासाठी चिपळूणकडं छावणीला राहिलेल्या पागेच्या अंमलदारांना ते लिहिलंय. रयतेला काडीचाही त्रास देऊ नका, ही त्यातली गोष्ट भाषणातनं सगळ्यांनी ऐकलेली असते. पण ते पत्र शेतकऱ्यानं सबंध वाचावं. दाणा-वैरण आत्ताच उधळली तर भर पावसात घोडी उपाशी मरतील, आणि मग तुम्ही रयतेला लुबाडाल, असं त्यात बजावलंय. पुढं आगीची काळजी आहे. रात्री दिवा जळता ठेवला तर उंदीर वात ओढून नेईल, गवत पेटेल आणि घोड्यांना काडी उरणार नाही. एवढ्या मोठ्या राजाला वात नेणारा उंदीर ठाऊक होता, याचं मला फार अप्रूप वाटतं.

चिपळूण म्हणजे आमच्या कुंभार्ली घाटाच्या पायथ्याला. तिथली भीती तीच वरची. आमची घरं गवतानं शाकारलेली, माळ्यावर पेंढा. तेलाच्या वासानं उंदीर दिव्यातली वात ओढतो आणि जळतीच घेऊन माळ्यावर पळतो. म्हणून आजी निजताना दिवा मालवायची आणि मांजर घरात आहे का, ते बघायची. नसलं तर दारात उभं राहून हाका मारायची.

पावसाळ्याच्या चार महिन्यांची नाचणी, वरी, भात कणगीत असायचं. कणगी बांबूची, शेणामातीनं लिंपलेली. उंदीर तिला खालनं पोखरतो आणि वरनं काही कळत नाही. श्रावणात हात घालावा तर निम्मं भूस. त्या दिवसांत ओढे भरलेले, घाट बंद, उसनं मागायला शेजारची वाडीसुद्धा लांब. त्यामुळं मांजर ही हौस नव्हती. पिल्लू आणायला दुसऱ्या वाडीला जायचं तर ओंजळभर नाचणी घेऊन जायचं, फुकट मागायचं नाही. मी ताटातली दूधभाकरी मांजराला घातली की आजी ओरडायची, "लई चारू नगंस, मग ती उंदराकडं बघंल व्हय?" मांजर मारलं तर सोन्याचं मांजर करून काशीला द्यावं लागतं, असं म्हातारी माणसं सांगायची. सोन्याचं मांजर घडवायची ऐपत कुणाची? मारू नका, एवढाच त्याचा अर्थ.

तट्टू आमच्या चुलत्याकडं होतं, तांबडी घोडी. खाली जाताना हिरडा आणि तूप, वर येताना मीठ, सुकी मासळी, रॉकेल. खडकातल्या पायवाटेनं दोन मणाचं ओझं घेऊन ती न घसरता चढायची. संध्याकाळी तिच्या तोबऱ्यात भिजवलेले हुलगे. पावसाळ्यात ओलीनं खूर सडतात, म्हणून चुलती तिच्या पायाखाली चुलीतली राख पसरायची. सांडलेल्या हुलग्यांना उंदीर यायचे आणि उंदरांमागं मांजर. थंडीत मांजर घोडीच्या पाठीवरच झोपायचं. घोडी अंग हलवायची नाही.

1967 च्या डिसेंबरात भूकंप झाला आणि पडलेली घरं पुन्हा उभी करताना गवत जाऊन पत्रा आला. वातीची भीती तिथंच सरली. 1980 च्या सुमाराला रोजगार हमीतनं रस्ता झाला. खडी फोडायला चुलताही होता. स्वतःच्या हातानं केलेल्या रस्त्यानं जीप वर आली आणि त्याच रस्त्यानं त्यानं घोडी खाली नेऊन विकली. त्याला दोष कसा देणार? मीठ जीपमधनं स्वस्त पडत होतं. मग कणगीच्या जागी पत्र्याची कोठी आली, उंदराला औषध आलं. औषध खाल्लेला उंदीर मांजर खातं आणि तेही मरतं. आमच्या वाडीतली मांजरं अशीच कमी झाली. उंदीर मात्र आहेत तेवढेच आहेत.

2021 च्या जुलैत आमच्या तालुक्यात दरडी कोसळल्या. आंबेघर, मिरगाव, ढोकावळे इथं माणसं गाडली गेली. आमच्या वाडीचा रस्ताही तुटला. रेशनचं पोतं डोक्यावर आणायचं ठरलं, तेव्हा पोरं मला विचारायला लागली, तात्या, जुनी घोडीवाट कुठनं होती? वाट करवंदीत आणि कारवीत बुजलेली. कोयते घेऊन निम्मा दिवस गेला, तेव्हा खडकात खुरांनी घासलेल्या पायऱ्या सापडल्या.

आता तट्टू कोण पाळणार, आणि पाळा असंही मी कुणाला म्हणत नाही. पण दर वैशाखात ती वाट आम्ही साफ करतो. पाऊस अजून तसाच येतो आणि रस्ता अजून तुटतो. महाराजांनी पत्रात सांगितलं तेही हेच होतं, की पावसाळ्याचा विचार पावसाळ्याआधी करा.