मचूळ पाणी आणि साबणाचा फेस

भाऊच्या धक्क्यावरून लाँचने मोरा बंदरावर उतरलं, की पुढे उरणची मिठागरं. अशा खारपट्टीत विहिरीचं पाणी बरेचदा मचूळ. धुण्याचा इतिहास आपण इथून सांगू. पुस्तकांत तो १८८८ साली कलकत्त्याला आलेल्या सनलाइट साबणापासून सुरू होतो.

पण मचूळ पाण्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियममुळे साबणाचा साका होतो. फेस येत नाही, कपड्यावर करडा थर बसतो. रिठ्याचं तसं होत नाही. राखेच्या निवळीतला खार तेलकटपणा काढतो. तेव्हा रिठा-राख वापरणाऱ्या आज्यांना आपण मागास म्हणतो ना, ते साफ चुकीचं. त्यांची निवड त्या पाण्याला साजेशीच होती. मासळीच्या रक्ताचा डाग आधी गार पाण्यात भिजवायचा, गरम पाण्याने तो पक्का होतो, हेही त्यांचंच. (आजही करून बघा.)

१९६९ला अहमदाबादेत निरमा सुरू झाली. असल्या पावडरी जड पाण्यातही बऱ्यापैकी चालतात, म्हणून रिठा मागे पडला. पाण्याचे हंडे मात्र बायकांच्याच डोक्यावर राहिले, नळ येईपर्यंत.