कण्यावर ठेवलेला हात

'कायरोप्रॅक्टिक' हा शब्द एका पाद्र्याने दिला. 'हात' आणि 'केलेलं काम' या अर्थाचे दोन ग्रीक शब्द सॅम्युअल वीड यांनी आपल्या मित्रासाठी जोडले. तो मित्र म्हणजे डॅनिअल डेव्हिड पामर. जन्म १८४५ चा, कॅनडातला. अमेरिकेत येऊन त्यांनी शाळेत शिकवलं, मधमाश्या पाळल्या, किराणा दुकान चालवलं आणि शेवटी आयोवातल्या डॅव्हनपोर्ट गावी 'चुंबकीय' उपचार करू लागले.

१८९५ साली त्यांच्या दवाखान्याच्या इमारतीत साफसफाई करणारे हार्वी लिलार्ड त्यांच्यापुढे बसले. सतरा वर्षांपूर्वी वाकून जोर लावताना पाठीत काही कटकन वाजलं, तेव्हापासून त्यांना जवळजवळ काहीच ऐकू येत नव्हतं. पामर यांनी वर आलेला मणका दाबून बसवला आणि लिलार्डना रस्त्यावरच्या गाड्यांचा आवाज ऐकू येऊ लागला. ही झाली पामर यांनी लिहिलेली हकिकत. लिलार्ड यांच्या मुलीच्या आठवणीत मात्र एक विनोद होता, तो आवडून पामर यांनी मारलेली थाप होती आणि ऐकू येऊ लागलं ते काही दिवसांनी. कानाची शीर कानातून थेट मेंदूच्या बुंध्याकडे जाते, पाठीच्या मणक्यांतून नाही. त्यामुळे मणक्याचा कानाशी लावलेला संबंध मला पटत नाही.

उसण भरली की पायाळू माणसाकडून पाठीवर पाय फिरवून घ्यायची रीत आपल्याकडेही होती. पण तो उपाय उसणीपुरताच राहिला. पामर यांनी एका पाठीवरून साऱ्या आजारांचं शास्त्र उभारलं. शंभरातले पंचाण्णव आजार सरकलेल्या मणक्यांमुळे होतात, असं त्यांनी १९१० च्या ग्रंथात लिहिलं. इतका मोठा दावा केल्यावर एका जागी न ठरणारं मूलही त्यातून कसं सुटावं?

त्या मुलाची कुळकथा वेगळी आहे. १९०२ मध्ये लंडनच्या जॉर्ज स्टिल यांनी आपल्या व्याख्यानांत अशी मुलं वर्णिली: बुद्धी शाबूत, पण आवर नाही, लक्ष टिकत नाही. पुढचं वळण तर कण्यापाशीच आलं. अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंडमध्ये, मुलांच्या एका रुग्णालयात चार्ल्स ब्रॅडली मेंदूची छायाचित्रं घेण्यासाठी मुलांच्या कण्यातलं पाणी काढत. त्यानंतर मुलांची डोकी भयंकर दुखत. त्यावर उतारा म्हणून त्यांनी बेन्झेड्रिन हे उत्तेजक औषध देऊन पाहिलं. डोकेदुखी फारशी हटली नाही, पण काही मुलं वर्गात मन लावून बसू लागली. मग त्यांनी ते ३० मुलांना दिलं. जवळजवळ निम्म्या मुलांच्या अभ्यासात थक्क करणारा फरक पडला, आणि मुलांनीच त्यांना 'गणिताच्या गोळ्या' म्हटलं. हे १९३७ मध्ये छापून आलं. पुढे १९६० च्या दशकात रिटालिन हे तशाच प्रकारचं औषध आणि औषध नसलेली, पण तशीच दिसणारी गोळी अशी तुलना झाली आणि फरक टिकला.

१९९० नंतर अमेरिकेत या गोळ्या भराभर लिहून दिल्या जाऊ लागल्या. भूक मंदावते, झोप उडते, हे आईबापांना दिसत होतं. गोळीऐवजी हात, हे कायरोप्रॅक्टिकचं आश्वासन त्यांना का भावलं असेल, ते मी समजू शकतो. पायाला भिंगरी लागलेल्या लेकराला कुणी अर्धा तास जवळ घेऊन बसतं, आईचं म्हणणं ऐकून घेतं, हेही थोडं नाही. मोठ्यांच्या कंबरदुखीत या उपचाराने काहीसा आराम पडतो, हेही खरं. पण अवधानाच्या अडचणीसाठी मणके बसवण्याच्या बाजूने पुढे येतात त्या बहुतेक एकेका मुलाच्या हकिकती. २०१० मध्ये उपलब्ध अभ्यास एकत्र तपासले गेले, तेव्हा उपयोग सिद्ध करणारा पुरेसा पुरावा सापडला नाही.

ब्रॅडली यांनाही योगायोगच भेटला होता. पण त्यांनी तीच गोष्ट पुन्हा करून पाहिली, आणि उरलेल्या निम्म्या मुलांना तसा फरक पडला नाही, हेही लिहून ठेवलं.