वर्गणी, सावकार आणि 'राजी'

सुरगाण्याकडे बोहाडा बघितलेल्या माणसाला क्राउडफंडिंग ही काय भानगड आहे ते वेगळं समजावून सांगावं लागत नाही. देवांचे, राक्षसांचे मुखवटे, संबळ, रात्रभर सोंगं... आणि खर्चासाठी गावाची वर्गणी. आपण फक्त वर्गणीदारांना 'बॅकर' म्हणत नाही, इतकंच :)

व्हिडिओ गेमच्या धंद्यात मात्र वर्षानुवर्षं सावकारी पद्धत चालत आली. इथला सावकार म्हणजे पब्लिशर. तो हप्त्याहप्त्याने पैसे देणार, ठरलेला टप्पा गाठला की पुढचा हप्ता. गेम विकायला लागला की बहुतेक करारांत आधी त्याची वसुली, मग तुमचा वाटा. कधीकधी तर गेमचे हक्कसुद्धा त्याच्याकडेच जातात.

2012 साली टिम शेफरने या पद्धतीला बगल दिली. जुन्या धाटणीच्या अॅडव्हेंचर गेमवर पैसे लावायला पब्लिशर तयार नव्हते, म्हणून त्याच्या 'डबल फाइन' कंपनीने किकस्टार्टरवर 4 लाख डॉलर मागितले. जमले 33 लाखांच्या वर, तेही 87 हजारांहून जास्त लोकांकडून! मग काय, पब्लिशरांचे दिवस भरले असंच सगळ्यांना वाटायला लागलं. (पुढे हा पैसाही पुरला नाही. 'ब्रोकन एज' 2014 आणि 2015 मध्ये दोन भागांत आला. पण ते असो.)

आता आपल्या पुण्याकडे येऊ. 'नॉडिंग हेड्स गेम्स' ही छोटी टीम 'राजी' नावाचा गेम बनवत होती. हरवलेल्या भावाला शोधत राक्षसांशी लढणारी मुलगी, राजस्थानी वळणाचे महाल, गोष्ट सांगायला सावल्यांच्या बाहुल्या. 2017 साली त्यांनी किकस्टार्टरवर 1 लाख 20 हजार डॉलर मागितले. आकडा गाठला गेला नाही, आणि तिथला नियम असा की पूर्ण रक्कम जमली नाही तर एक डॉलरही मिळत नाही. म्हणजे हातात शून्य.

गेम वाईट होता म्हणून असं झालं का? मला नाही वाटत. शेफरच्या मागे 'मंकी आयलंड' आणि 'ग्रिम फँडँगो' होते. लोकांनी ओळखीच्या माणसाला पैसे दिले. आमच्या तालुक्याच्या सीमेपलीकडे गुजरातेत 5 लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी 2 रुपये देऊन 'मंथन' (1976) उभा केला. तिथे सहकारी संस्थांचं जाळं आधीच होतं, आणि गोष्टही त्यांचीच होती. बोहाड्याचंही तेच, काय बघायला मिळणार ते गावाला ठाऊक असतं. वर्गणी जमते ती आधीच कमावलेल्या विश्वासावर. पुण्यातल्या नव्या टीमकडे नेमकं तेच भांडवल नव्हतं.

शेवटी 'राजी'ला एपिक कंपनीचं अनुदान मिळालं आणि 'सुपर डॉट कॉम' हा पब्लिशर मिळाला. ऑगस्ट 2020 मध्ये गेम निन्टेंडो स्विचवर आला, ऑक्टोबरमध्ये बाकीच्या ठिकाणी. त्याच वर्षी 'द गेम अवॉर्ड्स'मध्ये पहिल्या गेमसाठीच्या पुरस्काराचं नामांकनही मिळालं. जे हजारो लोकांच्या वर्गणीतून जमलं नाही, ते शेवटी एका सावकाराच्या जोखमीतून झालं.

नाशिककरांना ही गोष्ट ओळखीची वाटायला हवी. त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनी आधी वाटाण्याचं रोप कसं वाढतं याची छोटी फिल्म बनवली आणि ती दाखवून यशवंत नाडकर्णींकडून कर्ज मिळवलं. आजच्या भाषेत डेमो! तेवढ्याने भागलं नाही म्हणून सरस्वतीबाईंचे दागिनेही गहाण पडले. 1913 साली 'राजा हरिश्चंद्र' आला. पुढे 1918 मध्ये भांडवलदार भागीदारांबरोबर नाशिकला 'हिंदुस्तान सिनेमा फिल्म्स कंपनी' निघाली आणि थोड्याच काळात भागीदारांशी खटके उडून खुद्द फाळकेच बाहेर पडले. पैसा सावकाराचा असला की शेवटचा शब्दही बऱ्याचदा त्याचाच असतो.

थोडक्यात काय, वर्गणी स्वातंत्र्य देते, पण नवख्याला सहसा मिळत नाही. सावकार नवख्याला उभा करतो, पण किंमत लावतो. खरा प्रश्न पहिल्या कामाचा आहे. नाव झाल्यावर वर्गणी द्यायला सगळेच तयार असतात. नाव नसताना कोण देणार? महिन्याला हजार-पाचशे पिझ्झावर उडवणारे आपण, एखाद्या अनोळखी भारतीय टीमच्या पहिल्या गेमसाठी तेवढे काढू का?