पिंपळखुट्याची रात्र

३० जून २०२३, सायंकाळ
नागपूरहून पुण्याकडे खाजगी ट्रॅव्हल्स निघाली. वर्धा, यवतमाळचेही प्रवासी होते. चालकासह ३३ जीव.

रात्र
जेवण उरकून बस समृद्धी महामार्गाला लागली. नागपूर ते शिर्डी हा टप्पा डिसेंबर २०२२ मध्येच खुला झाला होता. रस्ता मोकळा, बहुतेक जण झोपेत.

१ जुलै, पहाटे दीडच्या सुमारास
बुलढाणा जिल्ह्यात, सिंदखेडराजाजवळच्या पिंपळखुट्यापाशी बस खांबाला धडकली, दुभाजकावर आदळली आणि डाव्या अंगावर कलंडली. दार त्याच बाजूला होते. डिझेलची टाकी फुटली, आगीचा भडका उडाला.

पुढची काही मिनिटे
काच फोडून मोजकेच बाहेर पडले. आतून हाका येत होत्या. वाचलेल्यांनी नंतर सांगितले, की जाणाऱ्या गाड्यांना हात केले, पण त्या थांबल्या नाहीत.

पहाट
२५ मृत, ८ वाचले.

२ जुलै
बुलढाण्यात २४ जणांवर एकत्रित अंत्यसंस्कार झाले. देह ओळखण्यापलीकडे गेले होते.

न थांबलेल्या त्या गाड्यांतून केलेल्या एका फोनने ते पंचवीस जण वाचले असते, असे म्हणणार नाही. त्या आगीने फार थोडा वेळ दिला. पण प्रत्येक अपघाताला आग लागत नाही. कुठे रक्त वाहत असते, कुणी बेशुद्ध असते, कुणी पत्र्यात अडकलेले असते. तिथे मिनिटे हाती असतात आणि ती ‘कुणीतरी कळवले असेल’ या समजुतीत जातात.

यातले काहीही दिसले, की खात्री करत बसू नका. रुग्णवाहिकेसाठी १०८, आग किंवा पोलिसांसाठी ११२. थांबणे धोक्याचे वाटले, तर पुढे सुरक्षित जागी गाडी घेऊन फोन करा. कोणती बाजू, नागपूरकडची की मुंबईकडची, कितवा किलोमीटर, आग आहे का, माणसे अडकली आहेत का, एवढे सांगा. पलीकडून ठेवल्याशिवाय फोन ठेवू नका. मदत करणाऱ्याला २०१९ च्या दुरुस्तीमुळे मोटार वाहन कायद्याचेच संरक्षण आहे. नाव सांगण्याची सक्ती नाही.

मोकळ्या माळावरच्या त्या रस्त्यावर रात्री गाव ओळखू येत नाही, खूण सापडत नाही. म्हणून समृद्धीला लागलात, की शेजारी बसलेल्याला एक काम द्या: किलोमीटरचे फलक वाचत राहायचे.